सप्तमीचं पाणी

३ फेब्रुवारी, पेण
वाचनालयाचं ठरलं. विषय: मुंबईच शहर का झाली, पेण-रोहा का नाही. वक्ता मी. इतकी वर्षं शाळेत भूगोल शिकवला, हक्काचा विषय. फक्त हॉलमध्ये नाही, खाडीत, होडीत बसून. ही कल्पना रफिकची. रोह्याचा, कॉलेजातला दोस्त, मस्कतहून कायमचा परत आलाय. कमिटीने त्याला प्रास्ताविक दिलंय. दहा मिनिटं, असं बजावलंय.
वैशाली म्हणते, "रफिकभाई किती छान बोलतात, नाही?" नवऱ्याच्या व्याख्यानाबद्दल बायकोचं एवढंच मत.

७ फेब्रु.
र. जेवायला होता. मुद्दा माझाच, पण तो सांगतो तेव्हा त्याचा वाटतो. जहाजाला ओहोटीतही खोल पाणी हवं, वाऱ्यापासून आडोसा हवा. मुंबईला दोन्ही होतं. पोर्तुगीज रेवदंड्यालाही येऊन बसले होते, वाढली मात्र मुंबई. आपली गलबतं भरतीची वाट बघत गाळात बसायची. इथलं मीठ, इथला तांदूळ खाऊन मुंबई मोठी झाली. अजूनही गणपती पेणचे आणि थाट तिचा. चीड येते.
होडीची वेळ मी काढली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. त्या दिवशी सप्तमी, म्हणजे सव्वापाच.
र. म्हणाला, "सप्तमीला पाणी कमी नाय का? भांग असंल."
म्हटलं, "पेणची खाडी मला शिकवू नकोस."
तेवढ्यात वैशालीने सुरमईचा मोठा तुकडा त्याच्या ताटात वाढला. मला शेपटीकडचा.

१० फेब्रु., रात्री
लिहायचं नव्हतं. अंतोऱ्याच्या जुन्या बंदराच्या अलीकडे होडी रुतली. वेळ बरोबर होती, पाणीच नव्हतं. उधाण अमावास्या-पौर्णिमेला. सप्तमी-अष्टमीला भांग, म्हणजे भरती येते, पण अंग चोरून. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण तो म्हणाला ना.
होडीवाला म्हणाला, "आता पानी चढायचा नाय."
मी टिपणं चाळत बसलो. र. उभा राहिला. "बसलाव तसंच बसा. मुंबईला जहाज असं अडकत नाय. पेण का वाढलं नाय, ते आता तुमच्या बुडाखाली हाय." लोक हसले, मग ऐकत राहिले. दहा मिनिटांचा अर्धा तास झाला. नंतर सगळे चपला हातात घेऊन गुडघाभर चिखलातून बांधावर. अध्यक्षांची टोपी पडली, तरी ते खूश. असं व्याख्यान झालं नव्हतं म्हणे.
आणि र.ने सगळ्यांना काय सांगावं? "सरांनी मुद्दाम सप्तमी निवडली." टाळ्या. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१२ फेब्रु.
पँटीचा चिखल निघत नाही. वै. : "त्यांना थँक्यू म्हणालात का?" नाही म्हणालो. कमिटीला खरं सांगितलं तर तो मोठ्या मनाचा ठरणार. गप्प बसलो तर मी त्याचा मिंधा. दोन्हीकडून तोच...

१५ फेब्रु.
रोहेकरांना तसंच व्याख्यान हवंय, त्यांच्या कुंडलिकेच्या खाडीत. वक्ता र. माझं काम तिथी सांगणं.
फोनवर म्हणाला, "तारीख तूच काढ. तुझ्यासारखी कुणाला जमत नाय."
टोमणा होता का? नसावा. त्याला टोमणे मारता येत नाहीत, तोच तर त्रास आहे.
पंचांग उघडून बसलोय. सप्तमी सांगितली तर होडी रुतणार आणि टाळ्या त्याला. पौर्णिमा सांगितली तर होडी सरळ जाईल, आणि चिखल नसताना हा काय बोलतो ते रोह्याला कळेल.
चांगलंच बोलेल. मला माहीत आहे.
वैशाली आतून विचारते, "केलात का फोन?"
अजून नाही.