शुक्रवारची खुर्ची

सोमवार, ३ नोव्हेंबर

पुन्हा घरीच. भिंतीपलीकडे सकाळपासून प्रेबेनच्या मीटिंगा — नवरा आहे की लाउडस्पीकर! "तिमाहीचं बघू या." "बरोबर, अगदी बरोबर." डोकं उठलं माझं. घर दोन खोल्यांचं, नोकऱ्या दोन, आणि मधली भिंत पापडासारखी. त्यात आमच्या ऑफिसने एक मजला सोडून दिला. आता प्रत्येकाला आठवड्यात दोनच दिवस खुर्ची. लोक घरून काम मिळावं म्हणून भांडतात, मी ऑफिसात बसू द्या म्हणून हातापाया पडते आहे. असंच चाललं तर एक दिवस त्याला लागेल असं काहीतरी बोलून बसेन.

मंगळवार, ४

बोललेच. "अख्ख्या ओर्हूस शहराला ऐकवायचंय का तुझं बजेट?" तो ओशाळला. "चुकलं गं," म्हणाला आणि दार लावून घेतलं. उलटून बोलला असता तर बरं वाटलं असतं.

बुधवार, ५

तोवेने ऑफिसातली तिची शुक्रवारची खुर्ची मला दिली. फुकट नाही — शुक्रवारी सकाळी सगळ्यांसाठी पाव आणायची पाळी तिची होती, तीही माझ्या गळ्यात. आणते की! प्रेबेनला सांगितलं तर त्याचा चेहरा केवढा खुलला. "जा, खुशाल जा." इतकी का मी नकोशी झाले?

शुक्रवार, ७

पिशवीभर गरम पाव घेऊन पोचले, तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. शुक्रवारी आता कुणी येतच नाही. तोवे पक्की आहे! आमचा साहेब हेनिंग तेवढा होता, तोही कोट चढवून निघालेला. चिडून घरी परत आले.

जिन्यात शांतता. कुलपात किल्ली फिरवली आणि आतून प्रेबेनचा आवाज सुरू झाला, वाक्याच्या मधूनच. म्हटलं, बिचाऱ्याला एक पाव देऊ. एक बशीत घेऊन त्याच्या खोलीचं दार हलकेच ढकललं. मीटिंग चालू असली की कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून आम्ही एकमेकांच्या खोलीत रांगत जातो. तशीच गेले, बशी सरकवणार तोच वर पाहिलं. लॅपटॉप चालूच नव्हता. प्रेबेन खिडकीकडे बघत तिमाहीबद्दल बोलत होता.

बशी घेऊन रांगतच बाहेर आले.

रविवार, ९

नोकरी कधी गेली याची? उन्हाळ्यात? आणि मी त्याला हळू बोल म्हणते! लाज वाटते. रागही येतो — मला सांगता येत नव्हतं? विचारायला तोंड उघडते आणि बटाटे सोलत बसते. मी विचारलं आणि तो तेव्हाही खोटंच बोलला तर?

सोमवार, १०

सकाळी भिंतीपलीकडून प्रेबेन म्हणाला, "हं, येतंय ना ऐकू सगळ्यांना?"

"मला येतंय," मी म्हणाले. "शुक्रवारी मी तुझा लॅपटॉप पाहिला, प्रेबेन."

मग त्याच्या खोलीचं दार उघडलं.