देवाला सोडलेली बोट

मी, सत्यशीला मुंजाबा रूपनर, वय त्रेपन्न, राहणार गारखेडा, छत्रपती संभाजीनगर, एसटीची माजी कंडक्टर, हल्ली एका बोटीची मालकीण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाविना करत आहे. दबाव आणणारा बाहेरच्या खोलीत बसला आहे, पण त्याला चहा दिला आहे.

कारण असं. गेल्या महिन्यात मला हृदयविकाराचा झटका आला. मी आयसीयूत असताना धाकटा भाऊ खंडेराव एका रिसॉर्टवाल्याला घेऊन आला. डोळे मिटलेले असले तरी माझे कान उघडे होते. "आक्काचं काय खरं नाय. बोट काढून टाकू." रिसॉर्टवाल्याला माझ्या बोटीवर डीजे लावून वाढदिवस साजरे करायचे आहेत. मी अविवाहित. कागद न करता गेले तर सगळं भावालाच जाईल, असं माझे वकील म्हणाले. ते ऐकल्यापासून दुखण्याला फार लवकर उतार पडला.

कलम १. गारखेड्याचा फ्लॅट खंडेरावची मुलगी प्रांजली हिला, एकटीच्या नावे. तिनं तो लग्नात कुणाला देऊ नये. वडिलांना राहायला ठेवल्यास भाडं घ्यावं.

कलम २. बोट. ती मालवणच्या जेट्टीवर असते. नाव 'राजाबाई'. हे माझ्या आईचं नाव, जिनं गोदावरीहून मोठं पाणी कधी पाहिलं नाही. वडिलांची चितेगावची जमीन कारखान्याला गेली, तेव्हा खंडेरावनं माझ्यापुढं हक्कसोडपत्र ठेवलं. "बहिणी सही करत्यात आक्का, रीतच हाय." मी म्हटलं, "रीत मोडायलाबी कुणीतरी लागतंच की." माझ्या वाट्यातून ही बोट आली. बापाचा पैसा दर्यात बुडवला, असं तो भावकीत सांगतो. बोट अजून तरंगते आहे, हे तो सांगत नाही.

बोट हाकणारा तांडेल अबुजर पैठणचा, जायकवाडीच्या पाण्यात वाढलेला. पहिल्या फेरीला आम्ही दोघंही समुद्राला धरणच समजलो आणि भरपेट जेवून निघालो. ते जेवण माशांनी खाल्लं. पुढं तो तिथल्या जुन्या तांडेलाच्या हाताखाली शिकला, आणि मी शिव्या खाऊन शिकले.

पाहुण्यांनी गळ टाकावा, फोटो काढावा, जेवणापुरता लहान मासा ठेवावा आणि मोठा परत सोडावा, हा आमच्या बोटीचा नियम. पुण्या-मुंबईचे पाहुणे तो मानतात. आमच्या मराठवाड्याचे भांडतात. जालन्याचे एक गृहस्थ भलामोठा गोबरा मासा लेकरासारखा कवटाळून बसले. अबुजर म्हणे, "साब, छोडना पडता." ते म्हणे, "येवढं पैसं भरलं ते सोडायला व्हय? मंग धरला कशाला?" मासा तडफडत होता. शेवटी मी म्हणाले, "दादा, हा देवाला सोडलेला हाय."

गृहस्थांची मिठी सैल झाली. आम्हा मेंढपाळांत एखादा बकरा भंडारा लावून खंडोबाच्या नावानं मोकळा सोडतात. तो कुणी विकत नाही, कापत नाही. कुणाच्या शेतात शिरला तरी त्याला कुणी काठी मारत नाही. गृहस्थांनी माशाच्या कपाळाला हात लावला, तोच हात स्वतःच्या कपाळाला लावला आणि मासा अलगद पाण्यात ठेवला. आता अबुजरही बेधडक सांगतो, "देवाला सोडेला है, दादा. हात जोडो." आणि लोक हात जोडतात.

कलम ३. बोट अबुजर आणि प्रांजली यांना निम्मी-निम्मी. प्रांजली बुकिंग सांभाळते, गळही टाकते. पोरीच्या जातीला समुद्र कशाला, हे तिच्या बापानं विचारून झालं आहे.

खंडेराव कोर्टात जाईल. कोर्टाला तो भीत नाही, त्याचा साडू वकील आहे. पण देवाला भितो. म्हणून मी इथल्याच सातारा गावच्या खंडोबाचा भंडारा मागच्या रविवारी प्रांजलीबरोबर मालवणला धाडला. तिनं तो बोटीच्या नाकाला लावला, अबुजरनं नारळ फोडला आणि मी व्हिडिओ कॉलवर येळकोट केला. बोट रीतसर देवाला सोडलेली आहे. चालवणाऱ्यानं चालवावी, पोट भरावं. विकणाऱ्याचं आणि देवाचं पुढं काय होईल, त्यात मी पडणार नाही.

कलम ४. माझ्या अस्थी बोटीवरून समुद्रात सोडाव्यात. भाषणं नकोत. भावकीला यायचं असेल तर यावं, तिकीट काढून.

कलम ५. शेजारी बसलेल्या माझ्या डॉक्टर माहनूर शेख यांनी तीन महिने समुद्र वर्ज्य सांगितला आहे. ते मी ऐकलं आहे. पाळीन असं म्हटलेलं नाही.

इथवर मजकूर झाला आणि खंडेराव आत आला. वकिलांच्या खांद्यावरून त्यानं सगळं वाचलं. भंडाऱ्यापाशी आला तेव्हा कानाला हात लावला.

"आक्के, देवाला मधी कशाला आणलंस?"

"तू रिसॉर्टवाल्याला आणलास म्हणून."

"माझं नाव कुठंय गं यात?"

"हाय की. खाली, साक्षीदारात."

वकील म्हणाले, ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार सगळ्यात पक्का. खंडेरावनं पहिल्या कलमावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "पोरीचं नाव नीट लिवलंय ना?" आणि त्यानं पेन मागितला.

वरील मजकूर मान्य करून, जे लिहिलं ते माझंच म्हणून, खाली सही करते.

सत्यशीला मुंजाबा रूपनर (सही)

साक्षीदार:
१. खंडेराव मुंजाबा रूपनर (सही)
२. डॉ. माहनूर शेख (सही)

स्थळ: गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५