आपला राहिलेला बोगदा

प्रिय अहो आई,

‘प्रिय’च्या पुढे ‘अहो’ शोभतं का, यावर माझी पाच मिनिटं गेली. पण नुसतं ‘आई’ लिहिलं तर माझ्या कोथरूडच्या आईला वाटायचं पत्र तिलाच आहे, आणि ती तर अजून फोनवर माझ्याशी व्यवस्थित भांडते आहे. तेव्हा अहो आईच. सोळा वर्षं तेच म्हटलं, आता कशाला बदलायचं?

परवा फ्रान्सहून आले. आत्ता स्वयंपाकघरात गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसले आहे. मांड्या इतक्या भरून आल्यात की मी जिना उतरायला लागले की तुमचा मंदार मुद्दाम खाली उभा राहून बघतो. तुम्हाला जाऊन सव्वा वर्ष झालं, आणि तुमच्यापाशी एक गोष्ट कबूल करायची राहिली होती. तुम्हाला ती माहीत आहेच म्हणा. तरी माझ्या तोंडून तुम्ही ती कधी ऐकली नाहीत.

तुम्ही पहिल्यांदा उन्हाळ्याचे तीन महिने इथे द हेगला आलात, तेव्हा या घरात सायकल फक्त तुमच्या लेकाला येत होती. मला लग्न होऊन इथे येऊन नऊ वर्षं झालेली, आणि मी आपली ट्रामच्या भरवशावर! तुम्ही पंधराव्या दिवशी वस्तीच्या केंद्रातून एक कागद घेऊन आलात. परदेशी बायकांसाठी सायकलचा वर्ग, दर शनिवारी. डचमधलं अक्षर कळत नव्हतं तुम्हाला, पण चित्र कळलं होतं. “आपण दोघी जाऊ,” म्हणालात. एकसष्टाव्या वर्षी!

सासू आणि सून एका वर्गात. शिकवणाऱ्या मराइकेला आधी खरंच वाटेना. इथे पोरांना सायकल शिकवताना आईबाप शेजारून सायकल चालवतात आणि पोराच्या पाठीवर हात ठेवतात ना, तसाच हात ती आमच्या पाठीवर ठेवायची. ढकलायची नाही, नुसता ठेवायची. तुम्ही तिसऱ्या शनिवारी तिला म्हणालात, “काढ हात.” चक्क मराठीत! आणि तिनं काढला. मी सातव्या शनिवारपर्यंत धडपडत होते. त्याचं तुम्ही फार भांडवल केलं नाहीत, पण थोडं केलंतच. मिरजेला सगळ्या चाळीला फोन करून सांगितलंत ते मला कळलं होतं बरं का.

मग कालव्यावरच्या पुलाचा चढ आला की माझ्या पाठीवर तुमचा हात यायला लागला. ओढणीला सेफ्टीपिना, सलवारीला कपडे वाळत घालायचे चिमटे, अशी सासू आपल्या थोराड सुनेला पूल चढवते आहे! समोरून येणारे डच आजोबा टोपी काढायचे.

फ्रान्सचं खूळ तुमचंच. जुनी रेल्वेलाइन उखडून तिथे फक्त सायकलींसाठी रस्ता केलाय, मैलोन्‌मैल, हे तुम्हाला मराइकेनं फोटो दाखवून सांगितलं. “एकसुद्धा मोटार नाही?” तुम्ही तीनदा विचारलंत. मी म्हटलं, अहो तिकडे टेकड्या आहेत, आपल्याला पुलापेक्षा मोठा चढ माहीत नाही. तर तुम्ही मला वेड्यात काढलंत. “अगं, आगगाडीला चढ झेपत नाही. जिथून गाडी गेली तिथून मी जाईन.” रेल्वेच्या गार्डची बायको बोलत होती, मग काय!

तुमच्या तिसऱ्या उन्हाळ्यात मंदारला ल्योंला ऑफिसचं काम निघालं आणि त्यानं आपल्याला दोन दिवसांसाठी बर्गंडीतल्या एका खेड्यात सोडलं. मोटारीच्या मागे दोन सायकली आणि पिशवीत तुमच्या वीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कुकर. कुकर मी उतरवून ठेवला म्हणून तुम्ही अर्धा दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

पण काय दिवस होता तो! दोन्ही बाजूंना टेकड्या, त्यावर द्राक्षांच्या ओळी, पांढऱ्या गाई, आणि मधून आपला रस्ता सपाट, गुळगुळीत, झाडांच्या सावलीतून. चाकांचा तेवढा आवाज. मुक्कामाचं घर टेकडीवर होतं, तिथे तुम्ही खाली उतरून सायकल ढकलत नेलीत. “चढाला उतरायचं, उताराला बसायचं, यात लाज कसली?” वळण आलं की तुम्ही मराइकेनं शिकवल्याप्रमाणे हात लांब करून इशारा द्यायचात. कोणाला? मागे मी, पुढे गाय! आणि वाटेत जुनं स्टेशन लागलं की थांबायचात. त्या स्टेशनांची आता घरं झालीत, फलाटावर लोकांनी जिरेनियमच्या कुंड्या मांडल्यात. तुम्ही पिशवीतून तुमचा हिरवा नॅपकिन काढून बाबांसारखा झेंडा दाखवायचात, आणि मगच आपली गाडी सुटायची. कॉफी पिणाऱ्या एका फ्रेंच बाईनं उलट आपला टेबलक्लॉथ हलवला होता!

दुसऱ्या दिवशी तो बोगदा आला.

आई, मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. लांबून ते काळं तोंड दिसलं, आतून गार वारा आला, पाणी ठिबकताना ऐकू आलं, आणि मी दोन्ही ब्रेक बोटं पांढरी होईस्तोवर आवळून धरले. दिवे होते आत, पण मिणमिणते, आणि पलीकडचं टोक दिसत नव्हतं. तुम्ही म्हणालात, “अगं घाटात याच्यापेक्षा मोठे मोजलेत मी.” मग माझ्या हातांकडे पाहिलंत. काहीही न विचारता सायकल वळवलीत.

मंदारचा फोन आला. बोगद्यापासून परत फिरलो म्हटल्यावर, का, म्हणून विचारायला लागला. मी म्हणाले, “आईंना दम लागला.”

तुम्ही शेजारीच उभ्या होतात. दशमीचा तुकडा तोंडात. एक भुवई वर गेली फक्त. मग तुम्ही पुढचा घास खाल्लात.

का नाही बोललात हो तेव्हा? एरवी भाजीत मीठ कमी पडलं तर तीन घरांपलीकडे ऐकू जायचं! आणि नंतर चार उन्हाळे मंदार तुम्हाला चिडवत राहिला. इथल्या मराठी मंडळाच्या सहलीत, गणपतीच्या जेवणात, “आमची आई! फ्रान्सच्या बोगद्यापर्यंत गेली आणि हात टेकले!” सगळे हसायचे. तुम्ही पण हसायचात. “वय झालं बाबा,” म्हणायचात. मी ताटं उचलायला आत जायचे. गार्डच्या बायकोला बोगद्यापाशी हात टेकायला लावले मी, आई. मला लाज वाटते.

दर उन्हाळ्यात तुम्ही विचारायचात, “मेधा, यंदा तिकडे जायचं का?” कधी मी पाऊस सांगितला, कधी रजा. पुढच्या वर्षी नक्की, म्हटलं. मग पुढच्या वर्षी तुमच्याऐवजी मिरजेहून फोन आला.

तुमची सायकल गेल्या महिन्यात मराइकेच्या वर्गाला द्यायची ठरवली. मागची जोडपिशवी रिकामी करायला घेतली. रेनकोट निघाला, खडीसाखरेची पुडी निघाली, हिरवा नॅपकिन. आणि तळाशी डोक्याला बांधायचे दोन दिवे. एकाचं पाकीट फोडलेलं, सेल घातलेले. दुसरं कोरं करकरीत, त्यावर बॉलपेननं तुमच्या अक्षरात ‘मेधा’. मी तिथेच शेडमध्ये तुमच्या सायकलच्या कॅरियरला धरून रडले. शेजारच्या डच काकूंनी येऊन विचारलं, चाक पंक्चर झालंय का.

मग मात्र मी पाऊस बघितला नाही की रजा. मंदारला म्हटलं, चल. तुमच्या सायकलवर मी, माझा दिवा कपाळाला.

बोगद्याच्या तोंडाशी मी पुन्हा ब्रेक आवळून पाय टेकला. मंदार म्हणाला, “काय गं, तुला पण दम लागला का आईसारखा?” झालं! माझं डोकंच फिरलं. पायडल मारलं आणि शिरले आत. पायडलचे दहा फेरे झाले असतील. अंधार, गारठा, डोक्यावर ठिबक, आणि मागे तो हसतोय. मी जीव खाऊन ओरडले, “आई दमल्या नव्हत्या! मी घाबरले होते! मी!”

बोगद्यात आवाज कसा घुमतो तुम्हाला माहीत आहेच. निदान सहा वेळा ‘मी, मी’ ऐकू आलं. समोरून एक म्हातारं जोडपं येत होतं, ते दचकून कडेला उभं राहिलं आणि आजी भीत भीत “बोंज्यूर” म्हणाल्या.

मंदारचं हसणं थांबलं. पायडल मारत तो माझ्या बरोबरीला आला. मग तो म्हणाला, “म्हणजे चार वर्षं मी आईला उगाच...?”

“हो.”

“आणि ती एकदाही बोलली नाही?”

“नाही.”

बाहेर उजेडात आलो तेव्हा दोघांचेही चेहरे बघण्यासारखे होते. तो गवतात बसला. मला वाटलं चिडेल. चिडलाच थोडा. “सांगायचं होतंस गं तिच्यासमोर, एकदा तरी,” म्हणाला. त्याचं बरोबरच आहे. मग त्यानं स्वतःचा कान धरला, रिकाम्या रस्त्याकडे बघून. नव्वद किलोंचा टकला पोरगा तुमचा, कान धरून बसलेला! मला रडता रडता हसू फुटलं. मी पिशवीतून नॅपकिन काढून त्याच्या हातात दिला. डोळे पुसायला दिला होता. त्यानं उठून तो हलवला, अगदी बाबांसारखा, हात उंच करून, आणि मी तुमच्या सायकलवर बसले.

तर आई, आता वचन. या गणपतीत मंडळाचं जेवण आपल्याकडे आहे. सगळ्यांची पानं वाढून झाली की मी मधोमध उभी राहून सांगणार आहे, कोण थांबलं होतं आणि कोणी सायकल वळवली होती. मंदार म्हणाला, तो शेजारी उभा राहील. मी म्हटलं, नको, हे मला एकटीला करू दे.

आणि तुमची सायकल मी वर्गाला देत नाही. सायकलसकट मीच जाते आहे, शनिवारपासून, शिकवायला. मराइकेनं नवीन बायकांची यादी दिली आहे, त्यात एक आजी आहेत. त्यांच्या पाठीवर हात ठेवीन. त्या म्हणेपर्यंत काढणार नाही.

तुमच्याच बॅचची, तुमच्या मागून पास झालेली,
मेधा