आईच्या बायबलवर हात

एलिफलेट,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही.

परदेशी व्यापाराला सरकारची बंदी असताना तू गलबत घेऊन बोस्टनला म्हणून निघालास आणि वेस्ट इंडीजहून काकवी भरून आलास. माझ्या जकात कचेरीत आईच्या बायबलवर हात ठेवून म्हणालास, "दादा, वादळानं तिकडं ढकललं रे. लिही तसं." त्या महिन्यात साधी झुळूकही नव्हती. तरी मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तसाच माल घेऊन आलेल्या म्हाताऱ्या जबेझनेही शपथेवर तेच सांगितलं. त्याचं गलबत मी जप्त केलं. तो म्हणाला, "साहेब, वादळ काय फक्त तुमच्या घरच्यांनाच गाठतं होय?" दारातली माणसं फिदीफिदी हसली.

तेव्हापासून चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसत नाही. आणि तू काकवीचं पिंप पाठवतोस, वर निरोप, "वहिनीला सांग, केक कर!"

खोट्या शपथेबद्दल तुला चार शब्द सुनावायला बसलो होतो. पण हे पत्र पाठवणार नाही. नोकरीवर रुजू होताना 'कुणाचीही गय करणार नाही' अशी शपथ मीही घेतली होती, त्याच बायबलवर हात ठेवून. ते घरून कचेरीत नेलं होतं तेही मीच.

अजून तरी जकात अधिकारी,
असाहेल