भाच्याच्या बँकेचा शेअर

५ मार्च
तीर्थरूप आत्याबाई यांच्या चरणी सा. न. वि. वि.
आपली प्रकृती उत्तम असेल. आमच्या बँकेचा शेअर सध्या फार स्वस्त आहे. मालमत्तेच्या हिशेबाने शंभराचा, बाजारात सत्तरला मिळतो. लाभांश दरवर्षी वाढतो, बुडीत कर्ज जवळजवळ नाही. शिलाईतून साठवलेली सगळी रक्कम आपण यात घालावी, ही नम्र विनंती. कृपादृष्टी असू द्यावी.
आपला आज्ञाधारक भाचा

९ मार्च
चि. ढब्बूस अ. उ. आ.
चरणी काय, आज्ञाधारक काय! ताप आलाय का तुला? ‘ए आत्ये’ सोडून कधी काही म्हटलं नाहीस.
मशीनवर पाय मारून गुडघे गेले, तेव्हा हे पैसे साठले. म्हणून तुमच्या इथल्या शाखेत स्वतः जाऊन आले. तिथल्या साहेबाला विचारलं, तुम्ही स्वतः किती शेअर घेतलेत? तर त्याने सरबत मागवलं. कर्ज कुणाला देता, तर भिंतीचा नवा रंग दाखवला. शेवटी शिपाई बोलला, सगळ्यात मोठं कर्ज माझ्याच शिलाईच्या दुकानासमोरच्या टॉवरवाल्या बिल्डरचं. अरे, त्या टॉवरात संध्याकाळी चार खिडक्यांत दिवा लागतो! घरं विकली नाहीत, मग हा हप्ते भरतो कुठून? खरं काय ते लिही, मस्का नको.
माया आहेच. पैशाचं नंतर बघू.
तुझी आत्या

१३ मार्च
ए आत्ये, सा. न.
तुला वास येणार, ठाऊक होतं. ते पत्र मॅनेजरने समोर बसवून लिहून घेतलं, वाचूनच पाकीट चिकटवलं. प्रत्येकाने घरच्यांच्या गळ्यात शेअर मारायचे, नाहीतर नोकरी गेली. म्हणून मुद्दाम तुझे चरण धरले. बिल्डरला हप्ते भरायला आमचीच बँक नवं कर्ज देते, म्हणून बुडीत काही दिसत नाही. माझेही थोडे शेअर आहेत. तू एक पैसा घालू नकोस. पण या वेळी उत्तर घरी नको, बँकेच्या पत्त्यावर पाठव. तिथे मॅनेजर फोडून वाचतो.
चिडू नकोस, म्हातारे. जीव लाव आहे तसाच.
तुझा ढब्बू

१७ मार्च
राजमान्य राजश्री भाचेसाहेब यांस कृ. सा. न. वि. वि.
आपलं पत्र वाचून आनंद पोटात मावेना. आपली बँक फार थोर. शेअर जरूर घेऊ, तूर्त गुडघे घराबाहेर पडू देत नाहीत. मॅनेजरसाहेबांना दंडवत.
आपल्या मर्जीतली, आत्याबाई
ता. क. दुकानात बटणं लावायला माणूस हवा आहे. बँकेतला चालेल. मात्र येताना त्याने आपलं सगळं सोबत आणावं, तिथं छदाम मागे ठेवू नये.