धुतलेले कंद

३ नोव्हेंबर, रविवार

काय घडलं, क्रमाने:

१. पहिलं हिम पडायच्या आत डेलियाचे कंद जमिनीतून काढावे लागतात. बाबांनी ते गुरुवारी एकट्याने काढले. एकतीस.

२. प्रत्येकाच्या सालीवर मार्करने आकडा लिहिला. कुठला आकडा कुठल्या रंगाचा, ते त्यांच्या वहीत असतं. वीस वर्षांची पद्धत.

३. आज मी लाकडाचा भुसा आणायला गेले. परत येईपर्यंत दादाने कंद टबात घालून भांड्यांच्या ब्रशने घासले होते. एकही आकडा उरला नाही.

४. मोजले तर सत्तावीसच. चार हरवलेही.

"घाण होती गं," म्हणाला. मातीतून निघालेल्या वस्तूला माती लागते, हे त्याला चाळिसाव्या वर्षी समजलं असावं.

टबाजवळ गेले तर म्हणे, "इन्स्पेक्टरबाई, तुम्ही चहा टाका." बाबा पायरीवर बसून नुसते बघत होते. मुलाची लाज वाटली असेल.

५ नोव्हेंबर

कंद वर्तमानपत्रावर पसरले. ओलेच भुशात भरले तर मार्चपर्यंत लगदा. दादाला सांगण्यात अर्थ नाही. लगदासुद्धा धुऊन ठेवेल.

९ नोव्हेंबर, शनिवार

गुलाबांच्या बुंध्याशी पालापाचोळा रचला. बागेच्या नळाचा आतला व्हॉल्व्ह बंद केला आणि बाहेरची तोटी उघडी ठेवली. पाइपात पाणी राहिलं तर ते गोठून पाइप फुटतो. दादा गेल्या रविवारी तोटी घट्ट पिळून, वर फडकं गुंडाळून गेला होता. नळाला सर्दी होईल म्हणून.

१० नोव्हेंबर, रविवार

दादाचं पुन्हा तेच तुणतुणं. एक डिसेंबरपासून चार महिने माझी नेमणूक दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत आहे. तेवढे दिवस बाबांना त्याच्या घरी घेऊन जातो म्हणतो.

"एकटे कसे राहतील ते?"

"मी कामावर गेल्यावर राहतात तसे."

"आठला जातेस, सातला येतेस. तुला काय माहीत?"

मला काय माहीत! वजनकाटे आणि तापमापक तपासणं हा माझा धंदा आहे. अर्ध्या ग्रॅमचा खोटेपणा मला दिसतो. रिकामं घर विकायला सोपं, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळेल. वहिनी खाली मान घालून सफरचंद सोलत राहिली. तिलाही ठाऊक असणारच.

ते गेल्यावर बाबांना विचारलं, "इथेच राहायचं ना?"

"मग? बाग कोण बघणार?"

विषय संपला.

१४ नोव्हेंबर

पहाटे उणे दोन. नळ शाबूत.

१६ नोव्हेंबर, शनिवार

भुशात भरलेल्या कंदांची खोकी आत ठेवताना शेडमध्ये पिंपामागे गोणपाट सापडलं. त्यात चार कंद, मातीसकट. दादासाहेबांच्या ब्रशातून सुटलेले. बरं वाटलं – निदान चार तरी ओळखता येतील.

पहिल्यावर ७. दुसऱ्यावर ७. तिसऱ्यावर आणि चौथ्यावरही ७. अक्षर बाबांचंच.

सात म्हणजे आईने लावलेला पांढरा. तो एकच आहे.

वही काढली. वीस वर्षांची पद्धत म्हणून या वहीचा दाखला देत आले, पण यंदा ती उघडली नव्हती. यंदाच्या पानावर एकतीस ओळी आहेत. प्रत्येक ओळीत ७.

बाबा दारात उभे होते. "सगळं लिहून ठेवलंय बघ. नंतर घोटाळा नको."

"हो, बाबा."

"तू कधी आलीस?"

सकाळपासून मी घरातच होते.

ते आत जाऊन पडल्यावर चारही कंद स्वयंपाकघरात नेले आणि धुतले. भांड्यांच्याच ब्रशने. मार्कर लवकर जात नाही. जोर लावून घासावं लागतं. सत्तावीस घासायला त्याला अख्खी सकाळ लागली असेल.

१७ नोव्हेंबर, रविवार

वहिनीला ताप, म्हणून दादा आला नाही. त्याला पाठवलेला निरोप इथे उतरवून ठेवते:

दादा, चार राहिले होते. ते मी धुतले. बाबांना सांगितलेलं नाही. हे कधीपासून चाललंय आणि तुला आणखी काय काय माहीत आहे, ते मला सगळं सांग. माझं जाणं रद्द करायचं तर शुक्रवारी कळवावं लागेल. गुरुवारपर्यंत, म्हणजे २१ तारखेपर्यंत, उत्तर दे.