खिळ्याला अडकवलेलं पत्र

वितोमीर भावोजींना, ल्युबिंकाचा नमस्कार.

मला स्लोव्हेनियात, मारिबोरच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली आहे. शनिवारी मी, तुमचे भाऊ आणि सासूबाई सर्बिया सोडतो आहोत. घराला कुलूप लागेल.

काल तुम्ही व्हिएन्नाहून फोनवर दरडावलंत, "आपल्या कुलसंताची, संत निकोलाची तसबीर भिंतीवरून हलवायची नाही. थोरला मी आहे."

सासूबाईंनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "थोरल्या, कुलसंताच्या सणाचा पाव सगळ्यांनी धरून, फिरवून मोडायला घरच्यांचे हात लागतात रे. भिंत मोडणार आहे का? इतकी वर्षं कुठे होतास?"

"मला कुणी बोलावलं?"

त्या हसल्याच. "साहेब झालास तिकडे जाऊन! कुलसंताच्या सणाचं आमंत्रण आपल्यात कधी कुणी दिलंय? ज्याला यायचं तो येतो. शेजारचा मिलुतिन तर भांडण असलं तरी जेवून जातो."

तसबीर मी स्वतः उतरवली आणि लोकरी कोटात गुंडाळून बॅगेत ठेवली. यंदाचा पाव मारिबोरला मोडू. त्यावर आता चर्चा नाही.

हे पत्र मात्र मी पोस्टात टाकणार नाही. टाकलं तर ते आमंत्रण होईल, आणि घरची रीत मी मोडणार नाही. तसबिरीच्या रिकाम्या खिळ्याला ते अडकवते आहे. किल्ली मिलुतिनकडे आहे. कधी घर बघायला आलात तर वाचाल. नवा पत्ता पाठीमागे लिहिला आहे.

सासूबाई दरवर्षी सणाला एक ताट जास्त मांडतात. तिथेही मांडतील.

तुमची भावजय,
ल्युबिंका